सोबतीची काठी

"पाणी मी रोज घालत होते," माळीणबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदाही रोपवाटिकेच्या बांधणीच्या शेडमध्ये कोणी त्यांना हो म्हटलं नाही.

रोपं बांधायच्या लांब टेबलावर त्यांनी शाळेतून आणलेलं नाशपातीचं कलम आडवं पडलं होतं. पानं करपलेली, साल सुरकुतलेली, मुळांना शाळेच्या आवारातली माती तशीच चिकटलेली. खोडाला तीन ठिकाणी सुतळीने काठी बांधलेली होती. झाड मेलं होतं, पण गाठी शाबूत होत्या. त्या गाठी जिच्या हातच्या, ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून पुसलेल्याच कात्र्या पुन्हा पुसत होती.

तिला या घरात सुतळी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा अंगाने काडी होती आणि पहिल्याच आठवड्यात दिसेल त्या रोपाला गाठ मारत सुटली होती, म्हणून आत्यांनी ठेवलेलं हे नाव. पंचवीस वर्षांत सुतळीचा चांगला दोरखंड झाला, पण नाव काही सुटलं नाही. रोपवाटिकेत येणारी गिऱ्हाइकंसुद्धा आता "सुतळीताई आहेत का?" असंच विचारत.

"रोज घालणं वेगळं आणि योग्य घालणं वेगळं, माळीणबाई," दादा म्हणाला. दादा म्हणजे सुतळीचा नवरा, घरातला थोरला. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या आवाजाला एक साय यायची. "बारातली चार गेली म्हणता. आठ उभी आहेत ना? रोपातच खोट असती तर बाराच्या बारा गेली असती. कुठे पाणी कमी पडलं असेल, कुठे साचलं असेल. होतं असं."

"शाळेच्या मोठ्या बाईंनी पण हेच ऐकवलं." माळीणबाईंनी पदराने मान पुसली. हातगाडी ढकलत आल्याने त्यांना अजून धाप लागत होती. "सव्वीस वर्षं ती बाग मी बघते. आता म्हणतात, तुम्हाला झाडं कळत नाहीत. शनिवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर बाग दुसऱ्याकडे देते, तुम्ही वर्गखोल्या झाडा. आणि नुसती कलमं नाहीत हो. गेटजवळचा पांगारा आहे ना, तो पण रडायला लागलाय. खोडावर ओले काळे डाग. त्यालाही मीच पाणी कमी घातलं का? त्याला तर कधी कुणी पाणी घातलेलंच नाही."

सुतळीचा हात थांबला. पांगाऱ्याचं ती आत्ता पहिल्यांदाच ऐकत होती.

"ती काठी दे इकडे," कोपऱ्यातून आत्या म्हणाल्या.

आत्या म्हणजे दादाची सख्खी आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, आणि या रोपवाटिकेतला शेवटचा शब्द. कलमाचं मेण वितळवायच्या शेगडीशेजारचं स्टूल ही त्यांची गादी. डोळे जवळजवळ गेले होते, पण बोटं अशी होती की सालीवरून फिरवून कुठल्या वर्षीची फांदी ते सांगत. सुतळीने गाठी कापून काठी हातात दिली, तसा त्यांनी तिच्या टोकाशी अंगठा फिरवला. तीन आडव्या खाचा, एक तिरकी.

"गेल्या वर्षीची," त्या म्हणाल्या. "आपलीच."

आपलीच असणार. इथली काठी ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं. आत्यांच्या वडिलांनी पहिलं कलम विकलं तेव्हाच नियम घातला होता: रोप निघालं की त्याच्यासोबत मातृवृक्षाची एक काठी द्यायची. मातृवृक्ष म्हणजे मागच्या अंगणातलं म्हातारं नाशपातीचं झाड, ज्याच्यावरून इथली सगळी कलमं बांधली जात. घरातले त्याला 'थोरली' म्हणत. थोरलीची छाटणी झाली की सरळ फांद्यांच्या काठ्या व्हायच्या, त्यांवर त्या वर्षाच्या खाचा पडायच्या, आणि त्या रोपांच्या अंगाला बांधून गावभर जायच्या. दारावरच्या पाटीवर तेच लिहिलं होतं: आमचं रोप एकटं जात नाही. दुसऱ्या रोपवाटिका बांबू देत. या घरात बांबूचं नाव काढलं तरी आत्या नाक मुरडायच्या.

बाहेर फाटक वाजलं. दादाने मान वर केली आणि त्याच्या आवाजावरची साय एकदम फाटली.

"हा इथे कशाला?"

"मी बोलावलंय," सुतळी म्हणाली.

दादाचा धाकटा भाऊ, घरात सगळ्यांचाच 'धाकटा', आत आला नव्हता. फाटकाशीच उभा राहून तो ब्रशने बुटांचे तळ घासत होता, वर कसलंसं औषध फवारत होता. सहा वर्षांपूर्वी तो याच फाटकातून बाहेर पडला होता. बाहेरून आलेला माल चाळीस दिवस वेगळा ठेवावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. दादा चार गिऱ्हाइकांसमोर हसला होता, "पुस्तकातला माळी" म्हणाला होता, आणि आत्याही हसल्या होत्या. आता तो बागायत केंद्रात होता. लोक पिशवीत पानं घेऊन तिथे जात आणि हा भिंगातून बघून त्यांना काय झालंय ते सांगे.

"स्वतःच्या घरात शिरताना बूट धुतोस?" आत्यांनी आवाजाच्या रोखाने विचारलं.

"बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून, आत्या."

"आणि जाताना?"

"जाताना परत धुणार."

"म्हणजे आमचंही काही बाहेर जाऊ नये म्हणून. बरा आहेस."

त्याने ब्रश फाटकाशीच ठेवला. टेबलाशी आला, वहिनीकडे बघून मान हलवली आणि पेटी उघडली. भिंग, चाकू, काचेच्या बाटल्या. मेलेल्या कलमाची साल त्याने बोटभर सोलली. आत पांढऱ्या लाकडात तपकिरी डाग पसरला होता आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक. चाकूच्या टोकाने त्याने भोक उकरलं. तिळाएवढा काळा भुंगेरा टेबलावर पडला आणि चालू लागला.

"एवढासा?" माळीणबाई वाकून म्हणाल्या.

"एवढासाच. हा आपल्याकडचा नाही. परदेशातून मालाच्या पेट्यांच्या लाकडात बसून बंदरावर उतरला, आणि आता सगळीकडे फिरतोय. लाकडात बोगदा करतो, आत बुरशी पेरतो आणि त्या बुरशीवर पोरंबाळं वाढवतो. झाडाला मारते ती बुरशी. पाण्याचा काही संबंध नाही, माळीणबाई."

माळीणबाईंनी डोळे मिटून घेतले. पण दादा बसल्या जागेवरून उठला होता.

"ठीक आहे. किडा आहे. पण इथून गेला कशावरून? पांगारा गेटजवळ, रस्त्याला लागून. आधी पांगाऱ्यात आला, तिथून कलमांत शिरला. झालं की नाही असं?"

धाकटा खोटं बोलू शकत नव्हता. हा त्याचा जुनाच दोष. "होऊ शकतं," तो म्हणाला. "काठीत पण तीन-चार भोकं आहेत. पण ती इथे पडली की तिथे, हे मला नुसतं बघून सांगता येणार नाही."

"मग झालं तर! शाळेत लागण झाली. आम्ही चार रोपं बदलून देऊ, मोठ्या मनाने. विषय संपला."

"आणि मी मोठ्या बाईंना काय सांगू?" माळीणबाईंनी विचारलं. "पांगाऱ्याला कीड कशी लागली, तर बागेकडे लक्ष नव्हतं म्हणून. असंच म्हणणार त्या."

दादाने हात झटकले. आत्या गप्प होत्या. त्यांचं गप्प राहणं दादाच्या बाजूचं होतं, हे सगळ्यांना कळलं.

सुतळीला मात्र काठी दिसत होती. आत्यांच्या मांडीवर ती आडवी होती आणि तिच्या मधल्या भागावर, गाठ होती त्याच्या खाली, मेणाचा एक पिवळट ठिपका होता. त्याच्या खाली आणखी एक. शेडमध्ये तो ठिपका तिच्याशिवाय कोणी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तरी त्याचा अर्थ कोणाला लागला नसता. तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम होतं. चार रोपं जातील, दादा मनाचा मोठेपणा मिरवेल, धाकटा बूट धुऊन निघून जाईल. आणि ही बाई सव्वीस वर्षांनंतर वर्गखोल्या झाडेल. मोठ्या बाईंच्या पुढ्यात ही 'पाणी मी रोज घालत होते' असं चौथ्यांदा म्हणेल, आणि तिथेही कोणी हो म्हणणार नाही.

तिने जाऊन आत्यांच्या मांडीवरून काठी उचलली, टेबलावर ठेवली आणि कात्रीच्या टोकाने मेणाचा ठिपका उडवला.

खाली भोक होतं.

दुसरा ठिपका उडवला. खाली भोक.

"हे आपलं मेण आहे," ती म्हणाली. "मधमाशांचं मेण, राळ, जवसाचं तेल. गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि लावलंय मी. हे बघा." तिने तिसरा ठिपका दाखवला आणि शेजारी स्वतःचा अंगठा धरला. कलमाच्या चाकूने कधीकाळी कापलेल्या अंगठ्यावर आडवा वण होता, आणि मेणावर तीच आडवी रेघ उमटली होती. "गेल्या वर्षी काठ्या बांधताना बारीक भोकं दिसली होती. मला वाटलं, खिळ्यांची असतील, नाहीतर अशीच कसली. जखम दिसली की मेण लावायचं, हे हाताला इतकं सवयीचं झालंय की मी विचारच केला नाही. दिसायलाही बरं दिसायचं. भोकं आधीची, मेण नंतरचं. किडा इथूनच गेला."

दादाने काठी उचलली, मेणावरची रेघ पाहिली आणि काठी टेबलावर टाकली.

"अगं, हे घरातलं होतं!" दादाचा आवाज फुटला. "घरातलं घरात बोलायचं होतं! बाहेरच्या माणसासमोर..."

"बाहेरच्या माणसाच्याच डोक्यावर खापर फोडत होतो आपण," सुतळी म्हणाली. "मग बाहेरच्या माणसासमोरच बोलायला हवं. अहो, त्यांनी पाणी घातलं होतं. रोज घातलं होतं."

दादा धाकट्याकडे वळला. सहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले भाऊ, पण आता त्याला दुसरा कोणी उरला नव्हता. "मेणाखाली तो मेला नसेल?"

"लाकूड कोरणाऱ्याला मेणाचं काय, दादा? तो मेण फोडून बाहेर पडतो. आपल्याला दिसत नाही, एवढंच." धाकट्याने आवाज खाली आणला. त्यात जिंकल्याचा सूर नव्हता, आणि सुतळीला त्याचं फार बरं वाटलं. "वहिनी, मेण किती काठ्यांना लावलंत?"

"गेल्या वर्षी दहातल्या दोन-तीन काठ्यांना. यंदा..." तिने कात्री खाली ठेवली. "यंदा निम्म्यांना."

"दोन वर्षांत सगळी मिळून किती रोपं गेली?"

"चारशेच्या वर."

"सगळ्या काठ्या थोरलीच्या," आत्या म्हणाल्या, आणि स्टुलावरून उठल्या. "चला. मला तिच्याकडे न्या."

थोरली मागच्या अंगणात उभी होती तशीच उभी होती, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. समोरून पाहिलं तर पानोपान हिरवी. पण धाकटा तिला वळसा घालून मागे, भिंतीच्या बाजूला गेला, जिथे ऊन येत नाही आणि म्हणून कोणी जातही नाही. तिथे सालीवर ओले काळे डाग होते. कमरेपासून वर, हात पोचेल तिथपर्यंत. त्याने मोजायला सुरुवात केली आणि चाळीसला सोडून दिली.

आत्यांनी दोन्ही तळवे खोडावर ठेवले. बोटं वर सरकली, थांबली, पुन्हा सरकली. प्रत्येक भोकावर बोट क्षणभर अडत होतं. सुतळीला ते बघवेना, पण तिने नजर काढली नाही. मेण तिने लावलं होतं. बघायलाही तिनेच हवं होतं.

"मेण आण गं," आत्या म्हणाल्या.

कोणी हललं नाही. मग आत्यांनाच आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी कपाळ सालीला टेकवलं.

"मीच शिकवलंय तुला ते," त्या हळूच म्हणाल्या. "जखम दिसली की मेण. सत्तर वर्षं मी तेच करत आले. मेणाखाली काय आहे, ते बघ, हे मात्र कधी शिकवलं नाही."

"फांद्या छाटून भागणार नाही?" दादाने विचारलं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"खोडात आहे, दादा. पाडावी लागेल. बुंध्यासकट. लाकडाचा नखाएवढा भुगा करायचा आणि पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात महिना-दोन महिने तापत ठेवायचा. एक काठीही कुंपणाबाहेर जाता कामा नये. आणि गेलेल्या सगळ्या परत आणायच्या."

"घरोघरी जाऊन सांगायचं? आम्ही कीड दिली म्हणून?" दादा खाली भिंतीच्या कट्ट्यावर बसला. "आजोबांपासूनची रोपवाटिका आहे ही. परत कोण पाऊल ठेवेल इथे?"

माळीणबाई मागे अंगणाच्या कडेला उभ्या होत्या, परक्या घरातल्या भांडणात सापडल्यासारख्या.

"शेंड्याच्या काड्या?" आत्यांनी एकदम विचारलं. कपाळ अजून सालीला टेकलेलंच होतं. "वरच्या, कोवळ्या. कलमाच्या. त्यात शिरतो का तो?"

धाकट्याने वर पाहिलं. "पेन्सिलीएवढ्या काडीत सहसा नाही शिरत. एकेक काडी तपासून घेता येईल. पण इथे नाही लावायच्या, आत्या. केंद्राच्या जाळीघरात, बंद. वर्षभर माझ्या डोळ्यांखाली. त्यानंतर बघू."

"तुझ्या डोळ्यांखाली."

"हो."

"चाळीस दिवस म्हणत होतास तेव्हा हसलो होतो आम्ही. आता वर्ष म्हणतोयस." आत्या झाडापासून बाजूला झाल्या. गालांवर पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "घेऊन जा. हव्या तेवढ्या घे. ती तुझ्याकडे जगली तर जगली."

मग त्या दादा बसला होता तिकडे वळल्या. नेमका कुठे बसलाय हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक.

"करवत तूच चालवायचीस. पण आज नाही. आज आधी शाळेत जायचं. या बाईला तू माझ्यादेखत पाणी कमी पडलं म्हणालास आणि मी मूग गिळून बसले. ते शब्द आधी परत घे. तोपर्यंत माझ्या झाडाला हात लावायचा नाही."

दादा काही बोलला नाही. उठला आणि शेडकडे निघून गेला.

सुतळीने त्याची वाट पाहिली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला दादाच्या गप्प होण्याचे सगळे प्रकार माहीत होते, आणि हा प्रकार चांगला नव्हता. तिने जाड प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या, कात्री घेतली आणि माळीणबाईंच्या हातगाडीचा दुसरा दांडा धरला.

"तुम्ही कशाला, सुतळीताई?"

"गाठी माझ्या आहेत. सोडायलाही मीच हवी."

शाळेत मधली सुट्टी संपत आली होती. कुंपणालगत उरलेली आठ कलमं ओळीने उभी होती. सुतळी गुडघ्यांवर बसली आणि पहिली गाठ कापली, मग दुसरी, मग तिसरी. काठी ओढून काढली, पिशवीत घातली. पुढचं रोप. या आठांचं काय होईल हे धाकट्यालाही सांगता आलं नव्हतं. तीन आठवडे बघायचं, एवढंच तो म्हणाला होता. काठी निघाली की रोप जरा झुकायचं आणि मग आपलं आपण उभं राहायचं.

"वारा सुटला तर?" माळीणबाईंनी विचारलं.

"तुमच्याकडे बांबू आहेत?"

"आहेत की. घेवड्याच्या वेलाचे."

"तेच लावू. आणि दर सोमवारी मी येईन, एकेक खोड बघायला."

बांबू! आत्यांनी ऐकलं असतं तर. पण आत्यांनी आज त्याहून पुष्कळ काही ऐकलं होतं.

पांगाऱ्याबद्दल सुतळीने रस्त्यातच सांगून टाकलं होतं, की धाकटा उद्या येऊन तपासेल आणि बहुधा तोही पाडावा लागेल. माळीणबाईंनी हातगाडी थांबवली होती. मग म्हणाल्या होत्या, "डबा मी त्याच्याखालीच खाते." बस, एवढंच.

सातव्या रोपाशी असताना मोठ्या बाई पायऱ्या उतरून आल्या. कडक साडी, हातात चष्मा.

"हे काय चाललंय? उरलेली पण उपटायची ठरवलीत का, माळीणबाई?"

सुतळी उठायला गेली, पण गुडघे आखडले होते. ती तोंड उघडणार एवढ्यात गेटमधून कोणीतरी येताना दिसलं. दादा होता. दुकानात बसायचा इस्त्रीचा शर्ट नव्हता अंगात. छाटणीचे जुने कपडे होते. गेटशी थांबून तो वाकला आणि बुटांचे तळ ब्रशने घासू लागला. ब्रश धाकट्याचा होता. चांगला वेळ लावून त्याने दोन्ही बूट घासले. मोठ्या बाई बघत राहिल्या.

मग तो आत आला आणि मोठ्या बाईंसमोर उभा राहिला. आवाजात साय नव्हती.

"बाई, चार झाडं गेली ती आमच्यामुळे. आमच्या काठीतून कीड आली. पांगाऱ्यालाही बहुतेक तीच लागली आहे, आणि तीही आमचीच. सकाळी मी यांना म्हणालो, पाणी कमी पडलं. ते खोटं होतं. तुम्ही शनिवारपर्यंत कारण मागितलंय ना? हे कारण. लिहून हवं तर लिहून देतो. आज संध्याकाळपर्यंत पाटीवर लिहिणार आहे, आणि मग प्रत्येक घरी जाणार आहे. पहिलं घर हे."

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांना लावला. त्यांनी दादाकडे पाहिलं, पिशवीतल्या काठ्यांकडे पाहिलं, मातीत बसलेल्या सुतळीकडे पाहिलं.

"म्हणजे पाणी..."

"पाणी बरोबर होतं," दादा म्हणाला. "या रोज घालत होत्या."

माळीणबाईंनी नळाखालची झारी उचलली, काठोकाठ भरली, आणि पहिल्या रोपापासून सुरुवात केली. दादा सुतळीशेजारी खाली बसला. आठव्या रोपाच्या गाठी राहिल्या होत्या. त्याने खोड धरलं आणि तिने कात्री लावली.